इवायांचे दोन पूल

या, अशा जवळ सरका. तिकडं दारात बसून काय ऐकू येणार तुम्हाला? आणि आधी थोडं बोलून घेते, मग राग मानू नका. तुम्ही हल्लीची माणसं कोणाच्या घरी पाऊल ठेवलं की पाण्याआधी विचारता, "इंटरनेट आहे का?" नसलं की तोंड वाकडं. असलं तरी हळू आहे म्हणून वाकडं. ते येतं कुठून, कोणत्या तारेतून येतं, ती तार कोणी गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेनं टाकली, याची चौकशी तुमच्यातल्या एकानं तरी कधी केली? थोडी लाज बाळगा. बसा आता नीट, पाय लांब केले तरी चालतील. गोष्ट माझ्या इवायांची आहे.

झाडीपट्टीतला सगळा हट्ट एका पारड्यात घातला आणि आमच्या इवायांचा हट्ट दुसऱ्या पारड्यात, तर पारडं इवायांकडंच झुकेल. आणि तरीही ते म्हणतील, "काटा बराबर नाई, पुन्हा तोला." इवाई म्हणजे व्याही. माझ्या लेकीचे सासरे. ब्रह्मपुरीहून जीपनं अर्ध्या तासावर एक गाव आहे, त्या गावात एक कॉलेज आहे, नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या कोणीतरी रुसेल. त्या कॉलेजात मी लायब्ररीची शिपाई होते आणि ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. दोघंही मासेमारी करणाऱ्या घरचे, दोघंही चौथीच्या पुढं शाळेत न गेलेले. त्यांच्या घरचा तलाव माझ्या माहेरच्या गावाला लागून. मी पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता पुस्तकांच्या पाठीवरची नावं भरभर वाचायला शिकले, मराठी आधी आणि इंग्रजी अक्षरं मागून. ते बिघडलेली यंत्रं उघडून उघडून शिकले. त्यांना बंद पडलेलं काही दिसलं की आधी राग यायचा, मग प्रेम यायचं, मग ते पेचकस काढायचे.

सोयरीक झाली आणि आमची पंचाईत झाली. इवाई समोर आले की विहिणीनं उठायचं, पदर सावरायचा, पाणी द्यायचं, ही रीत. आता इवाई दिवसातून पंचवीसदा लायब्ररीत येणार, तर मी पुस्तकं लावू की पाण्याचे तांबे भरू? आठवडाभर मी उठबस केली, गुडघे बोलायला लागले. शेवटी त्यांनीच कायदा केला. म्हणाले, "इहीनबाई, हे पाहा, फाटकाच्या आत तुम्ही शिपाई अन् मी परिचर. फाटकाच्या भाईर इवाई अन् इहीन. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. पण कायदा करणारे तेच आणि मोडणारेही तेच. मनासारखं झालं नाही की भर कॉलेजात त्यांच्यातला वरबाप जागा व्हायचा. मांडवात मानपान चुकला की वरबाप जसा चहा परत पाठवतो, भिंतीकडं तोंड करून बसतो आणि "काही नाई, काही नाई" म्हणत सगळ्यांना घाम फोडतो, अगदी तसं. प्राचार्यसुद्धा मला बोलावून विचारायचे, "बाई, तुमचे व्याही आज कशावर रुसलेत?"

आता तारेचं सांगते. नव्वद सालानंतर कधीतरी आमच्या लायब्ररीत सहा कॉम्प्युटर आले. कोणी देणगी दिली होती. ते एकमेकांना जोडायचे होते, आणि जोडायला येणारा माणूस काही येईना. दोन महिने पेट्या तशाच पडल्या. मग इवायांनी पुस्तिका आणली, तिच्यातली चित्रं पाहिली आणि तार टाकली. काळी, गोल, टीव्हीच्या वायरसारखी. ती पहिल्या कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, अशी एका ओळीत जायची. आणि तिच्या दोन्ही टोकांना एक-एक पितळी टोपी बसवायची. टोपी नसली की सगळंच बंद. मी विचारलं, असं काऊन? तर इवाई म्हणाले, "जाळ्याचं टोक उघडं ठेवलं तर मासा राहते का? तसंच हाय हे." मला एका वाक्यात समजलं. जे कंपनीच्या पुस्तिकेला चाळीस पानांत जमलं नव्हतं, ते त्यांनी तलावावरच्या भाषेत सांगून टाकलं. नेट म्हणजे जाळं, हे त्यांना कोणी शिकवायची गरजच पडली नाही. सहा कॉम्प्युटरांना त्यांनी नावंही माशांचीच दिली, इंग्रजी अक्षरांत टाइप करून: कतला, रोहू, मरळ, वाम, शिंगाडा आणि दाराजवळचा सगळ्यात बारका तो झिंगा. मुली म्हणायच्या, "बाई, मी आज मरळवर बसू का?" बाहेरचा कोणी आला की घाबरायचाच.

तार जिथं जिथं जमिनीलगत होती तिथं इवायांनी पुठ्ठ्यावर पाट्या लिहून लावल्या होत्या. "येथे वायर झोपली आहे. उठवू नये." एका पाटीवर नुसतं, "पाय?" एवढंच. आणि शेवटच्या कपाटावर, झिंग्याच्या डोक्यावर, उरलेल्या तारेचं हे मोठं वेटोळं गोणपाटात बांधून ठेवलं होतं. मी दर दिवाळीच्या साफसफाईला विचारायची, हे काढू का? दर दिवाळीला एकच उत्तर, "राहू द्या. तलाव कधी वाढंल, सांगता येते का?"

टोपीचा त्यांना असा घोर की दोन जास्तीच्या टोप्या ते कायम खिशात बाळगायचे, सुपारीच्या डबीत, सुपारीबरोबरच. एकदा प्राचार्य जेवून आले, इवायांना म्हणाले, "जरा सुपारी द्या हो." इवायांनी डबी पुढं केली. प्राचार्य बोलता बोलता चिमूट तोंडात टाकून मोकळे. दाढेखाली पितळ आलं, डोळे पांढरे झाले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, सर, दात सांभाळा. आमचे इवाई ओरडले, "थुका सर, थुका! लायब्ररी बंद पडंल!"

असं आठ-दहा वर्षं चाललं. मग नवं शतक आलं आणि कॉलेजची नवी इमारत झाली. जुन्या आणि नव्या इमारतीच्या मध्ये नाला. उन्हाळ्यात कोरडा, पावसाळ्यात कमरेएवढा. दगडांवरून उड्या मारत, चपला हातात घेऊन पोरी पलीकडं जायच्या. नव्या इमारतीत टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेट आलं, नव्या कॉम्प्युटरांची लॅब झाली, आणि तिथलं सामान लावायला नागपूरहून एक इंजिनियर आला. पोरगेला, चांगला शिकलेला, गळ्यात ओळखपत्र. तिथली तार निळी, चपटी, तिचं तोंड चौकोनी. प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी. तो सहज म्हणून आमची लायब्ररी पाहायला आला. काळी तार पायाच्या बोटानं उचलली आणि म्हणाला, "काका, ये तो कचरा है. इसको निकाल दो. आजकल कोई नहीं लगाता."

मी इवायांकडं पाहिलं. मनात म्हटलं, झालं, मांडवात मानपान चुकला.

कचरा म्हणण्यापुरतं असतं तर भिंतीकडं तोंड करून दोन दिवसांत निवळलं असतं. पण त्यातून पुढचं निघालं. इंजिनियरनं प्राचार्यांना सांगितलं, गोल तोंडाची तार चौकोनी तोंडाला लागत नाही, लायब्ररीत नवी तार टाकायची सोय या वर्षी नाही, तेव्हा ते सहा कॉम्प्युटर उचलून नव्या लॅबमध्ये आणा, म्हणजे सगळे एका जागी. ऐकायला सरळ होतं. पण नवी लॅब फक्त कॉम्प्युटरचा कोर्स घेतलेल्यांसाठी, आणि तिला कुलूप. आमच्या लायब्ररीत कोण बसायचं? खेड्यांवरून एसटीनं येणाऱ्या, आर्ट्सच्या पोरी. त्यांचा तास बाराला संपायचा आणि परतीची बस साडेतीनला. ते साडेतीन तास त्या माझ्याकडं असायच्या. मरळवर, रोहूवर बसून टायपिंग शिकायच्या, अर्ज लिहायच्या. त्यातली एक पुढं तहसील कचेरीत लागली, तिथल्या टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली, ती वामवर शिकलेली. कॉम्प्युटर नाल्यापलीकडं गेले की त्या पोरींना पुन्हा बसस्टँडचा बाक.

इवाई प्राचार्यांसमोर जाऊन उभे राहिले. मी दाराशी होते, मी ऐकलं. "सर, ह्या मशीनी हलनार नाईत. गोलाले चौकोन जोडाची पेटी असते. तिले ब्रिज म्हनतात. म्या पुस्तिकेत पाह्यलं हाय."

प्राचार्य भले माणूस, पण त्यांच्याही डोक्यावर मॅनेजमेंट. म्हणाले, "तुमची रिटायरमेंट कधी?"

"एप्रिलच्या शेवटच्या दिवशी."

"मग तोपर्यंत जोडून दाखवा. नाहीतर मे महिन्यात मशीन हलवतो."

"मी रिटायर होईन सर," इवाई म्हणाले, "वायर नाई होनार." आणि त्या दिवसापासून त्यांनी कॉलेजचा चहा सोडला. तार जोडल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. मार्च महिना होता, आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि चहाशिवाय हा माणूस म्हणजे किल्ली न दिलेलं घड्याळ. पण नाही म्हणजे नाही.

आता पेटीसाठी मॅनेजमेंटला अर्ज करायचा होता. इवायांचा आणखी एक हट्ट असा की सरकारी असो की खासगी, अर्ज शुद्ध मराठीत. एकही इंग्रजी शब्द आत येऊ द्यायचे नाहीत. त्यांनी बोरूसारखं ठळक अक्षर काढून लिहिलं: "जुन्या व नव्या इमारतींतील जाळे नाल्यावरून एकमेकांस जोडणे आवश्यक असल्याने एक पूल मंजूर व्हावा, ही नम्र विनंती." मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, फक्कड झालाय. माझीही अक्कल तेवढीच.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे. "महाविद्यालयाच्या आवारातील नाल्यात जाळे लावून मासेमारी करण्यास परवानगी देता येत नाही. पुलाबाबत ओव्हरसियर पाहणीस येत आहेत."

स्टाफरूममध्ये हसण्याचा नुसता गदारोळ. मला वाटलं, इवाई आता पेटतील. त्यांच्या बापजाद्यांच्या धंद्यावरून कोणी हसलं की ते सोडत नसत. पण त्यांनी पत्राची शांतपणे घडी केली, सुपारीच्या डबीखाली खिशात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मासे तर मी धरनारच. परवानगी कोनाले पायजे?"

ओव्हरसियर आला तो खरोखर फीत घेऊन आला. नाल्याच्या काठावर टोपी घातलेला तो आणि उघड्या डोक्याचे आमचे इवाई.

"लांबी किती धरायची, काका?"

"तीस मीटर पुरते."

"रुंदी?"

"करंगळीएवढी."

ओव्हरसियरनं फीत खाली केली. "मस्करी करून राह्यले का? वरून काय जाणार हाय? सायकल, माणूस, का बैलगाडी?"

"काहीच नाई. पुस्तकाची नावं जातीन. पोरींचे अर्ज जातीन."

"मंग वजन किती?"

"वजन," इवाई विचारात पडले. "इहीनबाई, अर्जाचं वजन किती सांगाचं?"

मी पदर तोंडात धरून उभी होते. ओव्हरसियरला पेटीबिटी काही समजलं नाही. पण तेवढ्यात तास सुटला आणि पाच-सहा पोरी दगडांवरून उड्या मारत आल्या. एकीचा पाय घसरला, वही नाल्यात. कोरडा होता म्हणून वाचली. ओव्हरसियर तिच्याकडं बघत राहिला. मग वहीत काहीतरी लिहीत म्हणाला, "काका, तुमचा पूल मले समजला नाई. पण इथी पूल पायजे, हे दिसून राह्यलं." आणि गेला.

इवायांना त्या पुलाचं काय? एप्रिल निम्मा सरला होता. ते रजा टाकून भद्रावतीला गेले. तिथं एक भंगारवाला त्यांच्या ओळखीचा, जुन्या कचेऱ्यांतलं मोडकं सामान घेणारा. दिवसभर त्याच्या ढिगाऱ्यात बसून त्यांनी शेवटी ती पेटी काढली. राखाडी रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी, एका बाजूला गोल तोंड आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी. धुतली, पुसली, गमछ्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "काय हाय जी गमछ्यात? कोंबडी हाय का?"

"पूल हाय."

"काय?"

"पूल, पूल! तिकीट लागत असंल तर काप, न लागत असंल तर समोर हो. नाल्यावर टाकाचा हाय."

हे मला त्यांनी नाही सांगितलं. त्या बसमध्ये आमच्या गावचे चार लोक होते, त्यांनी गावभर केलं.

एप्रिलचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चारला निरोपाचा कार्यक्रम, शाल-श्रीफळ आणून ठेवलेलं, आणि इवाई सकाळी सातपासून नाल्यात. दोन्ही काठांवर बांबू पुरले. कपाटावरचं ते गोणपाटातलं वेटोळं काढलं. दहा दिवाळ्या ज्याच्यावरून मी त्यांच्याशी भांडले, ते उलगडलं तर नेमकं नव्या इमारतीच्या खिडकीपर्यंत पोचलं, वर दोन हात उरलं. झिंग्याजवळची टोपी काढली आणि तिथून तार पुढं नेली, नाल्यावरून, खिडकीतून आत, पेटीपर्यंत. पेटीजवळ टोक आलं, तिथं टोपी बसवली. पेटीच्या चौकोनी तोंडात निळी तार. बटण दाबलं.

पेटीवरचा दिवा लुकलुकला, विझला, लुकलुकला. इंजिनियरच्या पडद्यावर नव्या लॅबच्या कॉम्प्युटरांची नावं दिसत होती, आमचा एकही मासा नाही.

इवायांनी सगळे सांधे पुन्हा तपासले. अकरा वाजले, एक वाजला. मी नाल्याच्या काठावर उभी राहून इकडचं तिकडं ओरडून सांगत होते. "कतल्याची टोपी हाय का?" "हाये!" "रोहूचा दिवा?" "लागला!" इंजिनियर बिचारा नुसता पडदा पाहत होता. त्यानं गोल तोंडाची पेटी जन्मात पाहिली नव्हती, आणि काही सुचवायला गेला तर इवाई भिंतीकडं तोंड करत. अडीच वाजता प्राचार्य आले. घड्याळाकडं न पाहता, मुद्दाम न पाहता, उभे राहिले. मी नाला ओलांडून आत गेले. इवाई जमिनीवर पेटी मांडीत घेऊन बसलेले. सकाळपासून पोटात चहाचा थेंब नाही. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होते, पण पाय लांब करून असे बसलेले कधी पाहिले नव्हते.

मी काही शहाणी नाही. पण अक्षर दिसलं की वाचायचं, ही माझी खोड. पेटीच्या पाठीवर एक बारकं बटण होतं, त्याच्यावर चार अक्षरं. मी वाचली. "टी, ई, आर, एम. टर्म. हे काय जी?"

"टर्म," इवाई म्हणाले. "सत्र. पहिली टर्म, दुसरी टर्म असते ना आपली? ते चालूवर हाय, चालूच राहू द्या. कॉलेजातली वस्तू असंल."

कॉलेजात तीस वर्षं काढलेल्या माणसाला टर्मचा दुसरा अर्थ कसा सुचणार? मलाही सुचला नसता. पण टोपीला तो इंजिनियर काहीतरी लांबलचक इंग्रजी म्हणायचा, ते माझ्या कानात होतं.

"इवाईबुवा, या साहेबाच्या भाषेत टोपीले काय म्हनतात?"

"टर्मिनेटर," इंजिनियरच बोलला.

"मंग हे टर्म म्हणजे टोपीच तर नाई? पेटीच्या पोटात आधीच एक टोपी असंल तर?"

इवाई पेटी उलटीसुलटी करून पाहू लागले. मी म्हटलं, "जाळ्याले टोकं किती, इवाईबुवा?"

"दोन."

"कतल्याजवळ एक टोपी. इथी तुम्ही घातली ती दुसरी. अन् पेटीच्या पोटातली तिसरी. टोकं दोन अन् टोप्या तीन कशा चालतीन?"

इवायांनी माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं की जणू मीच भर मांडवात त्यांचा मान चुकवला. मग म्हणाले, "म्या तेच म्हनून राह्यलो होतो सकाळपासून." आणि बोट बटणावर ठेवलं. लगेच दाबलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "टर्म संपली, इहीनबाई," ते म्हणाले आणि बटण बंद केलं.

पेटीवरचा दिवा लागला आणि लागलेला राहिला. पडद्यावर एक नाव वाढलं. मग दुसरं. इंजिनियर खुर्चीवरून उठला. "सर! कतला आया! रोहू! सर, मरळ भी आया!" तो असा ओरडत होता की जणू त्याच्याच हातात गळ होता. मी खिडकीतून नाल्यापलीकडं ओरडले, "पोरीहो, मासे पोचले!" आणि लायब्ररीच्या खिडक्यांतून अशी आरोळी आली की झाडावरचे बगळे उडाले. "शिंगाडा, वाम... सर, ये झिंगा कौन है?"

"माझाच हाय," इवाई म्हणाले. "बारका हाय, पन येते."

प्राचार्यांनी चष्मा पुसला. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅनेजमेंटनं मासेमारीला परवानगी नाकारली आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?" आणि मग स्वतःच हसत सुटले आणि स्वतः जाऊन चहा सांगून आले. चहा आला. पहिला कप इवायांनी इंजिनियरला दिला. फाटकाच्या आत होतो आम्ही, कायदा होता. तरी मी उठले, पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. ते घटाघटा प्याले.

निरोपाच्या कार्यक्रमात ते उभे राहिले, शाल खांद्यावर, हाताला माती तशीच, आणि एकच वाक्य बोलले. ते तुम्हाला ठाऊकच आहे, मार्चात प्राचार्यांना सुनावलं होतं तेच वायरीचं. साडेतीनची बस सोडून थांबलेल्या पोरींनी मागच्या बाकांवरून इतक्या टाळ्या वाजवल्या की बसायला त्यांना खुर्ची सापडेना.

पुढच्या वर्षी नाल्यावर खरोखरचा पूल झाला. लोखंडी कठड्याचा, दोन माणसं बाजूबाजूनं जातील एवढा. ओव्हरसियरनं त्या दिवशी वहीत लिहिलं होतं ते वर जाऊन, फिरून, मंजूर होऊन आलं होतं. कागदावर अर्जदार म्हणून आमच्या इवायांचंच नाव. रिटायर झालेला माणूस सायकलवर आला, बांबू उपटले आणि काळी तार नळीत घालून पुलाच्या पोटाखालून नेली. त्यावर पाटी लावली, "येथे वायर झोपली आहे." त्या तारेनं आणखी पाच वर्षं काम केलं. मग मीही रिटायर झाले. मग सगळं नवं आलं, ते सहा मासे कुठं गेले मला माहीत नाही, आणि एका सुट्टीत कोणीतरी ती तार ओढून काढली. मी इवायांना सांगितलं नाही. आम्ही कोणीच सांगितलं नाही.

पूल मात्र आहे. पोरी चपला पायात ठेवून जातात-येतात. जाळ्याच्या अर्जावर तो मंजूर झाला, हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नाही, आणि माहीत असायचं काही कारणही नाही.

इवाई आता गावीच असतात, तलावाच्या पाळीवर. ऐकायला कमी येतं, आणि या वर्षात विसरायलाही लागलेत. माझ्या लेकीला कधी माझ्याच नावानं हाक मारतात, कधी आपल्या आईच्या. हात मात्र चालू असतात, फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन गाठी मारत बसतात. गेल्या महिन्यात मी गेले. मला ओळखलं की नाही कळेना. हातातली गाठ मारून मान वर केली आणि विचारलं, "टोकं बंद हायेत ना, इहीनबाई?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "दोन्ही बंद हायेत, इवाईबुवा. घट्ट."

मान हलवली, पुन्हा जाळ्यात डोकं.

म्हणून सांगते, तुम्ही एकदा या. फार लांबवू नका, या हिवाळ्यातच या. माझ्याकडं उतरा, मी तुम्हाला घेऊन जाईन, आणि जाताना त्या पुलावरून जाऊ. दुपारी गेलं म्हणजे ते जागे असतात, माणूस पाहून त्यांना बरं वाटतं. आल्यागेल्याला ते सुपारी देतात, नाही म्हणू नका, रुसतील. फक्त तोंडात टाकायच्या आधी एकदा तळहातावर घेऊन पाहा.